उन्हाळी शाळा आणि गळीत हंगाम

गेल्या फेब्रुवारीत आमच्या सावेडीतली एक मुलगी एक अर्ज घेऊन माझ्याकडे आली. युरोपातल्या एका विद्यापीठात स्थलांतर आणि निर्वासित-धोरण या विषयावर विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा भरते. जुलै महिना, तीन आठवडे, देशोदेशींची मुले, नामांकित व्याख्याते. आणि फी अशी की तिच्या वडिलांनी ती रुपयांत करून पाहिली आणि कागद पुन्हा घडी घालून ठेवला. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणे. त्यासाठी निबंध लिहायचा होता आणि त्याचे इंग्रजी मी पाहून द्यावे, एवढेच तिचे मागणे.

निबंध चांगला होता, हे आधी सांगतो. सीरिया, भूमध्य समुद्रातल्या होड्या, कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्या, १९५१ चा जिनिव्हा करार, सगळे यथास्थित आले होते. अर्जात मात्र आणखी एक प्रश्न होता : तुमच्या स्वतःच्या प्रदेशात स्थलांतराचा प्रश्न कोणता? त्याखाली तिने लिहिले होते, "आमच्या भागात हा प्रश्न फारसा नाही."

"फारसा नाही?" मी विचारले. "आणि पाथर्डी-शेवगावची, जामखेडची माणसे?"

"काका, ते ऊसतोडीला जातात. ते स्थलांतर नाही, ती मजुरी आहे. आणि सीमा कुठे ओलांडतात ते?"

मुलीचा यात काडीचा दोष नाही. तिला वाचायला मिळालेल्या याद्यांत, परिपत्रकांत, ग्रंथांत हेच होते. हे वाक्य विद्वानांचे आहे, सरकारांचे आहे, आणि आपल्यासारख्या पांढरपेशांच्याही सोयीचे आहे. मला भांडायचे आहे ते त्या वाक्याशी.

या मुलीचे घर मनमाड रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दसरा उलटला की त्या रस्त्याने ट्रक आणि ट्रॅक्टर जाऊ लागतात. ट्रॉलीत भांडी, बाजरीची पोती, बांबू, चटया, दोन शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे, आणि या सगळ्याच्या वर बसलेली एक म्हातारी व चार पोरे. जामखेड-आष्टी-पाटोद्याकडून, करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडून ही माणसे नगरात येतात आणि सावेडी नाक्यावरून राहुरी, श्रीरामपूर, राहाता, कोपरगावकडे जातात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ही रहदारी ऐन भरात असेल. आपण घरी चकल्या तळत असतो. बाहेर ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असतात आणि त्या गाण्यांचा आपल्याला त्रास होतो. एवढाच आपला या विषयाशी संबंध.

ही माणसे किती? महाराष्ट्रातून दरसाल ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांचा आकडा कोणी सात-आठ लाख सांगतो, कोणी दहा, कोणी बारा. ऊस मात्र नीट मोजलेला असतो. पुण्याच्या साखर आयुक्तालयात हंगामात रोज कोणत्या कारखान्याने किती टन गाळला आणि उतारा किती टक्के पडला, हे दशांश चिन्हाच्या पुढच्या दोन आकड्यांपर्यंत लिहिलेले सापडते. तोडणाऱ्या माणसांच्या आकड्यात चार लाखांचा फरक पडला तरी कोणाचा हिशेब चुकत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पुऱ्या जोरानिशी मांडले पाहिजे. नाही तर हे भांडण लटके ठरेल. निर्वासित-अभ्यासाचे पंडित म्हणतात : निर्वासित ही एक वेगळी, काटेकोर कोटी आहे. १९५१ च्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी सकारण भीती ज्याला आहे आणि जो आपल्या देशाबाहेर पडला आहे, तो निर्वासित. त्याच्या डोक्यावर कोणत्याच राज्याचे छत्र उरलेले नसते, म्हणून जगाने त्याला छत्र द्यायचे. या व्याख्येत भुकेलेला, कर्जबाजारी, दुष्काळग्रस्त असे सगळेच कोंबले तर खऱ्या निर्वासिताचे संरक्षण पातळ होईल. पाथर्डीच्या माणसाला मत आहे, रेशनकार्ड आहे, परत जायला घर आहे. रोहिंग्याला यांपैकी काय आहे?

हे म्हणणे पोकळ नाही. ऊसतोड्याला निर्वासित म्हणा असा माझा आग्रहही नाही. त्या शाळेच्या नावात 'निर्वासित' या शब्दाच्या आधी 'स्थलांतर' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थही गुपचूप सीमेपाशी नेऊन बसवला आहे, ही माझी तक्रार. शिवाय राज्याच्या छत्राविषयी म्हणाल, तर ते आपल्याकडे कसे मिळत आले हे महाराष्ट्रातच पाहता येते.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश माणसांची, मुख्यतः बायका-मुलांची, वसाहत होती. सोव्हिएत सत्तेने त्यांना घराबाहेर काढून सैबेरिया-कझाकस्तानात धाडले होते; तिथून इराणमार्गे ती इथे आली. ती गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि वसाहतीचे गांधीनगर झाले. कल्याणच्या लष्करी छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. आमच्या जिल्ह्यात विसापूरला, जिथे सत्याग्रहींचा तुरुंग होता तिथे, सिंधी कुटुंबांची छावणी पडली. (छावण्यांची नगरला सवयच आहे. बोअर युद्धाचे कैदी इथे होते, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक इथे स्थानबद्ध होते, आणि १९४२ नंतर भुईकोट किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल.) पुढे चांद्याच्या जंगलात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी-मुलचेरा भागात, पूर्व बंगालची कुटुंबे वसवली, १९७२ साली आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत उभी राहिली.

या प्रत्येक वेळी राज्याने चांगुलपणा दाखवला, हे मान्य. परंतु तो हुकमाने दाखवला, कायद्याने नव्हे. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या जोडकरारावरही नाही. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा रद्द करून २०२५ साली नवा कायदा केला, त्यातही निर्वासित कोण याची व्याख्या नाही. म्हणजे आपल्याकडे आलेल्या माणसाला हक्क नसतो, मेहेरबानी असते. आणि आपल्याच माणसाला? त्याचीही तीच तऱ्हा आहे, हे पुढे पाहू.

'ते आपखुशीने जातात' हे त्या वाक्यातले मुख्य हाड आहे. विद्वानांनी स्थलांतराचे दोन ढीग केले आहेत : सक्तीचे आणि स्वेच्छेचे. सक्तीच्या ढिगाला तंबू, निधी, अधिवेशने. स्वेच्छेच्या ढिगाला अर्थशास्त्राचा एक धडा. आता आमच्या पाथर्डीच्या माणसाला कोणत्या ढिगात टाकायचे ते पाहा.

जून-जुलैत पेरणी तोंडावर येते, किंवा पोरीचे लग्न ठरते, किंवा दवाखान्याचे बिल भागवायचे असते. मुकादम येतो आणि उचल देतो. ती एकट्या माणसाला मिळत नाही. कोयत्याला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अवजाराचे नाव माणसांना पडले आहे. एकट्या माणसाला फार तर अर्धा कोयता म्हणतात. उचल लाखाच्या घरात जाते. दिवाळीच्या सुमारास जोडी निघते, ती उन्हाळा लागेपर्यंत फडात राबून उचल फेडते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, त्याचा गाजावाजा झाला. परंतु तो दर दोघांचा मिळून आहे, आणि दोघांनी मर मर मरून दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस निघतो. पहाटे थंडीत पाचट साळायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायच्या. एक दिवस अंगावर काढवले नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर. ज्याच्या अंगावर बाकी आहे, तो पुढच्या दसऱ्याला आपखुशीने निघतो असे म्हणायचे असेल तर मराठी भाषेतून 'खुशी' हा शब्द काढून टाकलेला बरा.

हे मी तिऱ्हाईताच्या ऐटीत लिहीत नाही. आमच्या नातेवाइकांचा राहुरीकडे ऊस असे. लहानपणी आम्ही सुटीत तिथे जात असू, रस पीत असू, टोळीतल्या मुलांशी विटीदांडू खेळत असू. ती मुले कोणत्या गावची, आणि ऐन शाळेच्या दिवसांत ती फडावर कशी, हे मी एकदाही विचारले नाही. आमच्या शाळेला सुटी होती, म्हणून त्यांच्याही शाळेला असेल, असे मी धरून चाललो. पन्नास वर्षांनी त्या मुलीच्या अर्जात मला माझाच अडाणीपणा दिसला, तेव्हा तिच्यावर रागावण्याची सोय राहिली नाही.

१९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा उघडून पाहा. आगाऊ रक्कम घेतली म्हणून ती फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्याची किंवा हवे तिथे जाण्याची मोकळीक गमावणे, हेच त्यात वेठबिगारीचे लक्षण सांगितले आहे. लक्षण तंतोतंत जुळते. रोगाचे नाव घ्यायला मात्र कोणी तयार नाही. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. त्याच्या नावातच 'आंतरराज्य' हा शब्द. २०२० साली संसदेने त्याला पोटात घेणारी नवी संहिता केली. तिच्यातही शब्द तोच राहिला. परिणाम असा की, पाथर्डीची जोडी मुकादमाबरोबर बेळगावच्या कारखान्याला गेली तर ती कायद्याने स्थलांतरित, आणि सीमेअलीकडे कोल्हापूरच्या कारखान्याला गेली तर कोणीच नाही. ऊस तोच, कोयता तोच, उचल तीच. जिनिव्हाने देशाच्या सीमेवर जी रेघ मारली तीच दिल्लीने राज्याच्या सीमेवर मारली. तिच्या अलीकडे जो दुखावला जातो तो दोन्ही दप्तरांत सापडत नाही.

राज्य सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ झाले, गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये त्यासाठी घ्यायचे ठरले; संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ही चांगली पावले आहेत. पण तीही योजना आहेत. योजनेचा लाभार्थी असतो, हक्कदार नसतो. वळिवड्याच्या पोलिश बाईलाही असेच काहीसे मिळाले होते, आणि ती परक्या देशात होती.

आता घराचे, मताचे, रेशनकार्डाचे पाहू. ज्यांच्या जोरावर आमचा माणूस निर्वासितापेक्षा सुखी ठरवला जातो. २०२४ साली गळीत हंगामाला १५ नोव्हेंबरपासून परवानगी होती आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. मत गावात आणि मतदार फडात, हा पेच त्या वर्षी सगळ्या पुढाऱ्यांना एकदम उमगला; एरवी घर, शाळा, दवाखाना गावात आणि माणूस फडात हा पेच त्यांना उमगत नाही. छावणीचेही तसेच. निर्वासितांच्या छावण्यांसाठी 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय किमान मानके आहेत : माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर आडोसा, वीस माणसांमागे एक संडास. मी पाहिलेली कोपी आठ फूट लांब आणि तितकीच रुंद होती, म्हणजे सहा चौरस मीटर. आत चार माणसे. मानकाप्रमाणे चौघांना चौदा लागतात. संडासाचा प्रश्न उसाच्या फडाने सोडवलेला. २०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यावर चौकशी समिती नेमली गेली, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा पडू नये म्हणून तोडणीवाल्या बायका पिशवीच काढून टाकतात, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना तेव्हा कळली. परदेशातल्या एखाद्या छावणीत असे घडले असते तर त्यावर एव्हाना प्रबंध निघाले असते.

मुलगी जुलैत जाऊन आली. शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती मिळाली याचा मला आनंद आहे. 'फारसा नाही' हे वाक्य तिने खोडले होते आणि तिथे ऊसतोडीवर दोन परिच्छेद घातले होते. आल्यावर तिने एक गोष्ट सांगितली. तिथे एक दिवस इटलीच्या दक्षिणेकडील पुलिया प्रांतातल्या टोमॅटोच्या शेतांवर चर्चा झाली. आफ्रिकेतून आलेले मजूर, झोपड्यांची वस्ती, आणि त्यांना शेतावर नेणारा, मजुरीतून कापून घेणारा दलाल. त्याला तिकडे 'कापोराले' म्हणतात. मुलगी म्हणाली, "काका, तो आपला मुकादमच." शाळेत त्याच्यावर पूर्ण सकाळ गेली, कारण मजूर समुद्र ओलांडून आले होते.

तिला पुढचे कोणी सांगितले की नाही, कोण जाणे. इटलीने कापोरालेविरुद्ध २०१६ साली कडक कायदा केला, आणि त्यामागे एक मरण होते. २०१५ च्या जुलैत पुलियातच द्राक्षाच्या मळ्यात काम करताना एक ४९ वर्षांची मजूर बाई मेली. ती इटालियन होती. पहाटे बसमध्ये बसून दीडएकशे किलोमीटर जाऊन ती आपल्याच प्रांतातल्या मळ्यात राबत होती. तिने कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. म्हणजे ज्या देशाचा दाखला शाळेत परदेशी मजुरांसाठी दिला जातो, त्या देशाला शहाणपण आले ते स्वतःच्या एका पाथर्डीवालीमुळे.

आणि उन्हाळी शाळा का, हेही विचारले पाहिजे. ऑक्सफर्डला बार्बरा हॅरेल-बाँड या बाईंनी १९८२ साली निर्वासित-अभ्यास सुरू केला, तेव्हापासून हा विषय विद्यापीठांत रुजला. आणि विद्यापीठांच्या इमारती जुलैत रिकाम्या असतात, म्हणून शाळा जुलैत. बाई स्वतः मात्र सुदानच्या दक्षिणेत निर्वासितांत जाऊन राहिल्या आणि मदत वाटणाऱ्या संस्थांनाच त्यांनी धारेवर धरले. आपल्याकडे कलकत्ता रिसर्च ग्रुपचा सक्तीच्या स्थलांतरावरील वर्ग २००३ पासून हिवाळ्यात भरत आला, ही त्यातल्या त्यात समजूतदार गोष्ट. कारण उन्हाळ्यात आमचा स्थलांतरित घरी असतो. जुलैत तुम्ही पाथर्डीला आलात तर तो तुम्हाला आपल्या दोन एकरांत बाजरी कोळपताना दिसेल, आणि तुम्ही वहीत लिहाल : येथे प्रश्न फारसा नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, ही शाळा एकदा तरी डिसेंबरात, नगरला भरवावी. एका जिल्ह्यात दोन्ही टोके आहेत : दक्षिणेला माणसे पाठवणारे कोरडे तालुके, उत्तरेला माणसे बोलावणारे कालव्याचे तालुके. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचा गौरव होतो, तो विठ्ठलराव विखे-पाटलांचा आणि धनंजयराव गाडगिळांचा प्रवरानगर इथलाच. अभ्यासाला याहून सोयीची जागा कोणती? आणि तारकपूरला जुन्या निर्वासित कुटुंबांची नातवंडे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत हमरस्त्याने पायी निघालेल्या मजुरांना नगरच्या शीख, पंजाबी, सिंधी मंडळींनी लंगर लावून जेवू घातले. ज्यांचे आजे छावणीत रांगेत उभे होते, त्यांनी वाढायला हात पुढे केले. त्यांना एक तास द्या.

व्याख्याते कोण, असा आक्षेप येईल. मुकादमाला बोलवा; उचलीचा हिशेब तो कोणत्याही प्राध्यापकापेक्षा स्वच्छ सांगेल, कारण तो पूर्वी स्वतः कोयता होता. साखर आयुक्तालयातला कोणी येईल तर बरेच. भाषेची अडचण म्हणाल, तर दुभाषे लागतातच. कॉक्स बाजारला काय इंग्रजीत बोलतात? आणि एक दिवस फडावरच्या एखाद्या बाईला बोलवा. ती यायला तयार झाली तर तिच्या जोडीदाराचेही काम त्या दिवशी निम्म्यावर येईल. तेव्हा दोघांचा खाडा विद्यार्थ्यांच्या फीतून भरून द्यावा लागेल, आणि तो मुकादमाच्या वहीत चढण्याआधी द्यावा लागेल.